पलटणीच्या वहीत बाईचं नाव

  शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत बचतगटांचं समन्वयाचं काम करताना मी तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या बैठकीत बसले आहे. आजचं बोलणं जवानांच्या घरांबद्दल आहे. पण जवानांपेक्षा जास्त त्यांच्या घरातल्या बायकांबद्दल आहे.

दौंडकडच्या मैत्रिणींना ‘राखीव’ हा शब्द ऐकला की एसआरपी आठवते. बरोबरच आहे. राज्य राखीव पोलीस दलाचे पाच नंबरचा आणि सात नंबरचा असे दोन गट दौंडलाच आहेत आणि नानवीजला त्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे. पण ते झाले पोलीस. लष्करातसुद्धा असं एक राखीव दल आहे, त्याला म्हणतात प्रादेशिक सेना. पोरं तिला टीए म्हणतात. भरतीची तयारी करणारा एखादा मुलगा तुमच्या वाडीत असेल, तर हे नाव तुम्ही ऐकलंच असेल.

ही टीए म्हणजे काय, ते आधी सोप्या भाषेत बघू. १९४८ साली तिचा कायदा झाला. ९ ऑक्टोबर १९४९ ला त्या वेळचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते ती सुरू झाली. म्हणून दरवर्षी ९ ऑक्टोबरला प्रादेशिक सेना दिन असतो. ‘सावधानी व शूरता’ हे तिचं ब्रीदवाक्य. कल्पना अशी, की माणसाने आपला धंदा, शेती, नोकरी सांभाळायची, दरवर्षी साधारण दोन महिने प्रशिक्षणाला जायचं आणि देशाला गरज पडली की वर्दी घालून हजर व्हायचं. १८ ते ४२ वयाच्या माणसाला तिच्यात जाता येतं. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत हे लोक होते. क्रिकेटवाला धोनी २०१९ मध्ये काश्मीरला पंधरा दिवस जवानांबरोबर राहिला, हे टीव्हीवर पाहिलं असेल. तो याच प्रादेशिक सेनेतला मानद लेफ्टनंट कर्नल आहे.

आपल्याकडच्या मुलांचा संबंध येतो तो मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या बटालियनशी. १०१ नंबरची पुण्याला आणि १०९ नंबरची कोल्हापूरला. छत्रपती संभाजीनगरला १३६ नंबरची आहे, तिचं काम अगदी वेगळं. ती पर्यावरणाची बटालियन, महार रेजिमेंटशी जोडलेली. सैन्यातून निवृत्त झालेले जवान पुन्हा वर्दी घालतात आणि मराठवाड्याच्या उजाड माळावर झाडं लावून ती जगवतात. देशातली अशी पहिली बटालियन १९८२ साली गढवालमध्ये उभी राहिली. चुनखडीच्या खाणींनी मसुरीचे डोंगर बोडके झाले होते, ते हिरवे करायला. नुसतं झाड लावून फोटो काढला म्हणजे होत नाही, तीन-चार उन्हाळे त्याला पाणी घालावं लागतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून तर हे काम शिस्तीच्या माणसांना दिलं.

आता रेजिमेंट म्हणजे काय? आपल्या आजोबांच्या तोंडचा शब्द ‘पलटण’. मराठा लाइट इन्फंट्रीची सुरुवात १७६८ सालची, म्हणजे अडीचशे वर्षांहून जुनी. तिचं केंद्र बेळगावला. ४ फेब्रुवारीला, तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला त्या दिवसाची आठवण म्हणून, ही पलटण आपला दिवस साजरा करते. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावलाच उभी राहिली, आता तिचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे. आपल्या भागातल्या घरांतून दोन्हीकडे माणसं गेली आहेत. काही जण खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्येही गेले.

पलटणीचं एक वैशिष्ट्य मला फार आवडतं. ती माणसाला विसरत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातले, १० जुलै १९४४ ला इटलीत लढताना गेले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिकडे मोन्टोने नावाच्या गावात २०२३ मध्ये, म्हणजे एकोणऐंशी वर्षांनी, त्यांचं स्मारक उभं राहिलं. निवृत्त होऊन तीस वर्षं झालेला हवालदारसुद्धा दुसऱ्या माणसाला भेटला, की आधी विचारतो, “कुठली पलटण?” पलटण कळली की दोघं भाऊ होतात.

पण मैत्रिणींनो, ही आठवण चालते कशावर? नोंदीवर. नंबर, नाव, गाव, भरतीची तारीख, लग्नाची तारीख, मुलांच्या जन्मतारखा. सगळं वहीत. आपल्या बचतगटासारखंच आहे हे. अध्यक्षबाई कितीही चांगल्या असोत, इतिवृत्तात आणि पासबुकात जे लिहिलंय तेच बँक मानते. तोंडी कितीही सांगा, “मी हप्ता भरलाय हो,” नोंद नसेल तर भरला नाही. पलटणीचंही तेच. आणि मी फिरते तेव्हा बघते, की जवानाची नोंद पक्की असते आणि त्याच्या बायकोची कच्ची.

आपल्याच भागातल्या एका बाईची गोष्ट सांगते. नाव आणि गाव सांगत नाही, तिला ते नको आहे. नवरा हवालदार म्हणून निवृत्त झालेला. एक दिवस शेतात मोटर चालू करायला गेला आणि छातीत कळ येऊन तिथेच गेला. पेन्शन बंद झाली. आता कुटुंब निवृत्तिवेतन तिला मिळायला हवं होतं. पण आपल्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलायची पद्धत. लष्कराच्या कागदावर लागलं होतं माहेरचं नाव. आधार कार्डावर सासरचं. बँकेत सासरचंच, पण आडनावाचं स्पेलिंग निराळं. जन्मतारखा दोन. एका कार्यालयातून कागद परत आले, दुसऱ्या कार्यालयाने सांगितलं, तुम्ही त्याच बाई आहात हे सिद्ध करा. वीस वर्षं त्या माणसाच्या घरात भाकरी केलेल्या बाईला सिद्ध करायचं होतं, की ती त्याचीच बायको. प्रतिज्ञापत्र झालं, गावचा दाखला झाला, फेऱ्या झाल्या. पैसे सुरू व्हायला चौदा महिने लागले. तेवढे दिवस ती दुसऱ्याच्या कांद्यात खुरपायला गेली आणि थोरल्या मुलीचं कॉलेज एक वर्ष थांबलं.

यात पलटणीने तिला टाकलं असं नाही. पलटणीला ती सापडलीच नाही. आजचं माझं सगळं बोलणं एवढ्याच गोष्टीसाठी आहे. पलटणीच्या वहीत बाईचं नाव नीट असलं पाहिजे, आणि ते आहे की नाही हे बघायचं काम आपण नवरा धडधाकट असताना करायचं.

कोणते कागद बघायचे, ते सांगते. पेन घ्या किंवा मुलीला लिहून घ्यायला सांगा.

पहिली गोष्ट, जवानाचा आर्मी नंबर, हुद्दा आणि युनिटचं पूर्ण नाव. हे तुमच्याकडे, तुमच्या अक्षरात लिहिलेलं हवं. नवऱ्याच्या मोबाइलमध्ये आहे असं म्हणू नका. मोबाइलला लॉक असतं.

दुसरी, पार्ट टू ऑर्डर. लग्न झालं, मूल झालं, की जवानाने युनिटला कळवायचं असतं आणि त्याची ही ऑर्डर निघते. त्यात तुमचं नाव काय लागलंय ते डोळ्यांनी वाचा. आधारवरचं नाव आणि हे नाव अक्षर न् अक्षर एक असायला हवं. वेगळं असेल तर तो नोकरीत असतानाच युनिटमधून दुरुस्त करून घेणं सोपं पडतं. निवृत्तीनंतर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करावा लागतो, आणि तो गेल्यावर तर तुम्हाला एकटीला करावा लागतो.

तिसरी, निवृत्त झालेल्यांच्या घरात डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश. पीपीओमध्ये पत्नीचं नाव आणि जन्मतारीख बघा. दोन्हीच्या दोन-दोन झेरॉक्स काढा, एक घरात ठेवा आणि एक माहेरी किंवा मुलीकडे.

चौथी, बँक. पेन्शनचं खातं दोघांच्या नावावर असावं. आता लष्कराची पेन्शन स्पर्श नावाच्या संगणकाच्या व्यवस्थेतून येते आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. ते वेळेवर केलं नाही तर माणूस जिवंत असून पेन्शन थांबते.

पाचवी, वाईट वाटलं तरी सांगते, मृत्यूची नोंद. ती २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत केली तर दंड नाही, खेटे नाहीत. तेराव्यापर्यंत घरात माणसांची गर्दी असते. त्या गर्दीतल्या एका शिकलेल्या भाच्याला या कामाला लावा.

आता खास टीएच्या घरांबद्दल. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण लग्न जमवताना आणि कर्ज काढताना यातच गोंधळ होतो. टीए ही कायमची नोकरी नाही. ज्या दिवसांत तो माणूस हजेरीवर, त्या दिवसांचा पगार. बटालियनला गरज असेल तेव्हा त्याला जास्त काळ ठेवून घेतात, नसेल तेव्हा घरी पाठवतात. जवानाला पेन्शन हवी असेल तर हजेरीवरची एकूण सेवा १५ वर्षं भरावी लागते. भरती होऊन १५ वर्षं झाली म्हणजे ती १५ भरली असं नाही. घरी बसलेले महिने त्यात धरत नाहीत. तेव्हा मुलीच्या बापाने “पोरगा मिलिटरीत आहे” एवढ्यावर खूश होऊ नये, आणि सुनेनेही पहिल्या वर्षापासून हिशोब ठेवावा. एक साधी वही करा. कधी गेला, कधी परत आला, किती महिने झाले. गटाच्या वहीसारखीच ती वही. मुलगा वाईट नाही, नोकरीही वाईट नाही. मानाची आहे. फक्त तिचं खरं रूप माहीत असलं, म्हणजे तिच्या भरवशावर ट्रॅक्टर काढायचा की शेळ्या घ्यायच्या हे शहाणपणाने ठरवता येतं.

आणि भरतीच्या मेळाव्यांबद्दल. मेळावा लागला की घोडनदी, केडगाव, पाटस, शिक्रापूर, सगळीकडून पोरं रात्रीच्या एसटीने निघतात. फुटपाथवर झोपतात, पहाटे धावतात. त्या पोरांबद्दल मला कौतुक आहे. पण याच दिवसांत “आतून काम करून देतो” म्हणणारी माणसं घरी येतात. लष्कराच्या भरतीत निवड होण्यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. एक रुपयाही नाही. कुणी दोन-चार लाख मागितले तर तो माणूस फसवणारा आहे, मग तो पाहुणा असो की वर्दीतला फोटो दाखवणारा. गटातून अंतर्गत कर्ज उचलून असल्या माणसाला देऊ नका. कर्जाचं कारण विचारायचा हक्क गटाला आहे, तो वापरा.

नवरा दोन महिने गेला, की मागे काय राहतं ते आपल्याला माहीत आहे. रात्रीची लाइट, उसाला पाणी, म्हशीची धार, डेअरीला दूध, सासऱ्यांची गोळी आणि पोरांची शाळा. लष्करात बायकांची एक मोठी संघटना आहे, तिला आवा म्हणतात. छावणीत राहणाऱ्या बायकांना तिचा आधार असतो. पण टीएवाल्याची बायको छावणीत नसते, ती मळ्यात असते. कॅनडा देशात अशा राखीव रेजिमेंट बऱ्याच आहेत. तिथले शिक्षक, मिस्त्री, कॉलेजची मुलं आठवड्यातली एक संध्याकाळ आणि काही शनिवार-रविवार कवायत करतात. तिथे सैनिकांच्या कुटुंबांसाठी ठिकठिकाणी मदत केंद्रं आहेत आणि त्यांच्या कारभारी मंडळात निम्म्याहून जास्त माणसं सैनिकांच्या घरातलीच असतात. म्हणजे नवरा गेल्यावर बाई कुणाकडे जाईल, याचं उत्तर त्यांनी आधी ठरवून ठेवलंय. आपल्या वाडीत असं केंद्र नाही. पण दर महिन्याला भरणारी, हजेरी घेणारी, वही लिहिणारी दहा-बारा बायकांची बैठक आहे. तीच आपलं केंद्र होऊ शकते.

आता मान-सन्मानाबद्दल थोडं स्पष्ट बोलते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. तो आकडा आजही अभिमानाने सांगितला जातो. त्यातले जे लग्नाचे होते, त्यांच्या बायकांनी पुढे पोरं कशी वाढवली, शेत कसं राखलं, ते कुठल्या दगडावर कोरलेलं नाही. आज आपण शहिदाच्या पत्नीला वीरनारी म्हणतो, १५ ऑगस्टला शाळेत बोलावतो, साडी-श्रीफळ देतो. चांगलं आहे. पण तीच बाई संक्रांतीला शेजारच्या घरात हळदीकुंकवाला बोलावली जाते का? व्यासपीठावर वीरनारी आणि उंबऱ्यात विधवा, हे एकाच बाईला एकाच गावात सोसावं लागतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करण्याचं आवाहन केलं. ठराव ग्रामसभेत होतो. वाण मात्र आपल्या हातात असतं. यंदाच्या संक्रांतीला आपल्या गटाचं पहिलं वाण कुणाला, ते गटाने ठरवावं.

स्वतः वर्दी घालणाऱ्या बायकाही आहेत. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये काश्मीरला शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक परीक्षा देऊन, प्रशिक्षण घेऊन २०१७ मध्ये लष्करात लेफ्टनंट झाल्या. दोन लेकरांची आई. प्रादेशिक सेनेत बायकांना घ्यायचं की नाही यावर कोर्टात वाद होता, जानेवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, की कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असं लिहिलंय आणि बाई ही व्यक्तीच आहे. त्यानंतर झाडं लावणाऱ्या पर्यावरण बटालियनमध्येही महिला अधिकारी आल्या. तेव्हा बारावीला असलेली आपली मुलगी धावायला निघाली, तर तिला मागे ओढू नका.

मग आपण काय करायचं? तीन कामं सुचवते.

पहिलं, पुढच्या बैठकीत विषय घ्या, ‘आपल्या गावातली जवानांची घरं’. नोकरीत असलेले, निवृत्त झालेले, टीएचे आणि जे आता नाहीत त्यांचीही. यादी करा. ग्रामसंघाच्या वहीत ती राहू द्या.

दुसरं, यादीतल्या प्रत्येक घराला एक फाइल. मघाशी सांगितलेले कागद त्यात. गटातली लिहिता-वाचता येणारी एकजण दुसरीच्या घरी जाऊन नावं ताडून बघेल. तास-दीड तासाचं काम आहे. चूक निघाली तर पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं. एकटीने जाऊ नका, तिघी-चौघी मिळून जा. तिथे माजी सैनिकांच्या आणि विधवांच्या योजना, मुलांच्या शिष्यवृत्त्या यांचीही माहिती मिळते. माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना घरपट्टी माफ करण्याचा निर्णय राज्याने २०२० मध्ये घेतला, त्याचीही चौकशी करा. घरात कुणी जखमी होऊन आलेला जवान असेल, तर खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. १९१७ मध्ये सुरू झालेली ही संस्था अपंगत्व आलेल्या जवानांना हाताला काम शिकवते.

तिसरं, ७ डिसेंबर. हा सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून या दिवशी जवानांच्या कुटुंबांसाठी निधी गोळा होतो. निधी आपण देऊच. पण त्या दिवशी गावात जवानांच्या घरातल्या बायकांची बैठकही घ्या. हार-तुरे नकोत, भाषण नको. चहा ठेवा आणि प्रत्येकीला एवढंच विचारा, “तुझं नाव कागदावर काय लागलंय?”

शिरूरच्या एका बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक सासूबाई म्हणाल्या, “अगं, नवरा जिता असताना असले कागद काढायचे म्हणजे अभद्र.” त्यावर त्यांच्याच सुनेने उत्तर दिलं, “आत्या, विमा काढतो तेव्हा कुठं मरायचं ठरवून काढतो?” सगळ्या हसल्या आणि सासूबाईच उठून पेटीतून कागद घेऊन आल्या. त्यांचंच नाव चुकीचं निघालं. सासरे अजून ठणठणीत आहेत, त्यामुळे आता दुरुस्तीचा अर्ज दोघं मिळून करताहेत.

पुढच्या आठवड्यात याच वेळेला गटाच्या शेळीपालनाच्या विम्याबद्दल बोलू. तोपर्यंत पेटी उघडा आणि कागद बघा. नमस्कार.